पॅलाडिन ६, पुढे वॉरलॉक १: कॅरेक्टरची प्रगती

अखेर सहावी लेव्हल गाठली. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाचे 2024 चे नियम, ओथ ऑफ द एन्शन्ट्स ही शपथ घेतलेला पॅलाडिन (दैवी शक्तीचा योद्धा), स्ट्रेंथ (ताकद) 13, करिष्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप) 18. एवढी मरतुकडी स्ट्रेंथ घेऊन चिलखत घालणारा पॅलाडिन कशाला, असं टेबलवर सगळ्यांनी विचारून झालंय. उत्तर पुढच्या लेव्हलला आहे.

वॉरलॉक म्हणजे अलौकिक शक्तीशी करार करून जादू मिळवणारा क्लास (कॅरेक्टरचा प्रकार). त्याच्या पहिल्याच लेव्हलला पॅक्ट ऑफ द ब्लेड हे इन्व्होकेशन (खास शक्ती) घेता येतं आणि मग तलवार करिष्म्यावर चालते. आज माझा वार +4 ने जातो (फाशावरच्या आकड्यात तेवढी भर), तेव्हा +7 ने जाईल. म्हणजे स्ट्रेंथ 13 पुरे: पॅलाडिन असताना दुसरा क्लास जोडायला तेवढी लागतेच आणि चेन मेलही (कड्यांचं चिलखत) तेवढ्यावर पेलतं. मग वॉरलॉक दुसऱ्याच लेव्हलला का नाही घेतला? कारण पाचव्याला मिळणारा जादा वार आणि सहाव्याचा ऑरा (जवळच्या साथीदारांच्या बचावात माझ्या करिष्म्याचा बोनस मिळवणारं वलय), दोन्ही एकेक लेव्हल लांबले असते. तोवर वार हुकतात, हुकू देत.

ऑराने पहिल्याच लढाईत पैसे वसूल केले. भीतीचा मंत्र, विझडम सेव्ह (बचावाचा फासा), डीसी (गाठायचा आकडा) 15. आमच्या रोगने (Rogue, चोरट्या क्लासचा साथीदार) फासा टाकला: 11, वर विझडमचा बोनस शून्य. तो तोंड पाडून मिनी (नकाशावरची छोटी बाहुली) मागे सरकवायला निघाला, तेवढ्यात मी नकाशावरचे चौकोन मोजले. दहा फुटांच्या आत! माझ्या करिष्म्याचे +4 धरून बरोब्बर 15.

नव्या पुस्तकात 12 क्लास आणि प्रत्येकाचे 4 असे 48 सबक्लास (उपप्रकार) आहेत. आकडा भारी, पण तिसऱ्या लेव्हलला सबक्लास निवडला की पुढचा रस्ता बराचसा आखलेलाच. माझ्या मते खरी मजा आहे ती क्रमात: काय आधी घ्यायचं आणि त्यापायी काय लांबवायचं. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत हे सौम्यपणे होतं. मूळ क्लासची वाढ चालूच राहते, फक्त क्लासची एखादी फीट (निवडून घ्यायची खुबी) देऊन दुसऱ्या क्लासची डेडिकेशन (त्या क्लासमध्ये शिरायची फीट) घ्यायची. सोयीचं आहे, पण मला ही झळ बसणारी पद्धतच आवडते.

कथेची बाजूही जमतेय. आता वॉरलॉकचा सबक्लासही तिसऱ्या लेव्हलला ठरतो, त्यामुळे करार नक्की कोणाशी झालाय हे माझ्या कॅरेक्टरला इतक्यात कळायची गरज नाही. डीएम (खेळ चालवणारा) यावर नको तितका खूश आहे.

आठव्या लेव्हलचं अजून ठरत नाही. पॅलाडिन ७ घेतला तर नेक्रोटिक, सायकिक आणि रेडियंट माऱ्यापासून सगळ्या जवळच्यांना संरक्षण. वॉरलॉक २ घेतला तर आणखी दोन इन्व्होकेशन आणि छोट्या विश्रांतीत परत येणारे दोन स्लॉट (मंत्र वापरायच्या संधी), म्हणजे स्माइटची (वारासोबतच्या दैवी माऱ्याची) चंगळ. स्माइट आता मंत्र झालाय, बोनस अ‍ॅक्शन खातो, एका पाळीत एकदाच. तरीही मन वॉरलॉककडेच ओढतंय. रोगचं मत अर्थातच पॅलाडिनला.