काटा ८०० ग्रॅमने वर

दिवाळीपासून नऊ किलो उतरवलेत, आणि आज सकाळी काटा ८०० ग्रॅमने वर! काल मेव्हणे आलेले, म्हणजे मिसळ. दोन पाव म्हणता म्हणता चार, रस्सा तीनदा, पापड वेगळा. (मिसळीला नको म्हणणारा नाशिककर मला अजून भेटायचाय.) पूर्वी अशा वेळी "गेलं सगळं" म्हणून आठवडाभर वडापाववर सुटायचो. आता एवढं कळतं, किलोभर चरबी चढायला साधारण ७,७०० कॅलरी जादा लागतात. हे मिठाने धरून ठेवलेलं पाणी.

अंबड एमआयडीसीतून निघायलाच रात्रीचे साडेआठ झाले, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक राहिला. मग सोसायटीच्या पार्किंगमध्येच वीस मिनिटं फेऱ्या. वॉचमनकाका टॉर्च घेऊन आले, "साहेब, काही हरवलंय का?"

"नाही काका, हरवायचंय."

रात्री एकच भाकरी खाल्ली. ठेचा मात्र दोनदा घेतला.