रॅकमधल्या दोन चिकट नळ्या

त्या दिवशी रॅकमध्ये शेजारी-शेजारी दोन नळ्या होत्या. एकीत झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्याचं रक्त, दुसरीत जास्वंदीचं पान. दोन्हींतून डीएनए काढायचा होता. पेशी फुटल्यावर दोन्ही नळ्यांत शेंबडासारखा लगदा झाला आणि पिपेटच्या टोकाला तार सुटू लागली. दिसायला जुळी भावंडं, पण दुखणं अगदी उलट.

फिंचच्या नळीतला चिकटपणा हा डीएनएच होता. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, आपल्या नसतं. एका मायक्रोलिटर रक्तात तीसेक लाख पेशी, प्रत्येकीत साधारण अडीच पिकोग्रॅम (मायक्रोग्रॅमचा दहा लाखावा भाग पिकोग्रॅम), म्हणजे सात मायक्रोग्रॅमच्या वर डीएनए. नळीत 50 मायक्रोलिटर रक्त होतं. एवढ्यानं कॉलम, म्हणजे डीएनए धरून ठेवणारी गाळणी, तुंबणारच. 5 ते 10 पुरतं. डीएनए काढायच्या किटवर लिहिलेलं 200 मायक्रोलिटर माणसाच्या रक्तासाठी असतं. त्यामुळे यातला थोडासाच भाग घेऊन भरपूर बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, सैल केला. रक्त गोठू नये म्हणून ते ईडीटीए या रसायनात घेतलेलं होतं हे बरं. त्याच कामाचं हेपॅरिन पुढं पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया, अडवतं.

जास्वंदीचा बुळबुळीतपणा मात्र पानातल्या पॉलिसॅकराइडचा, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचा. तिथं बफर वाढवून भागत नाही. कोवळं पान, 100 मिलिग्रॅम, द्रव नायट्रोजनमध्ये कोरडी पूड होईपर्यंत कुटायचं. मधेच वितळलं तर पानातली फिनॉल नावाची रसायनं काळी पडतात आणि डीएनएला चिकटून बसतात. पूड आधी सॉर्बिटॉलच्या बफरनं धुवायची, मग 2 टक्के सीटॅब (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ), 1 टक्का पीव्हीपी (फिनॉल पकडणारं), थोडं मर्कॅप्टोइथेनॉल (काळं पडणं रोखणारं) घालून 65 अंशांवर अर्धा तास. क्लोरोफॉर्मनंतर मीठ 2.5 मोलरपर्यंत वाढवलं की अल्कोहोल घातल्यावर पॉलिसॅकराइड बरंचसं द्रावणातच राहतं.

फसवणूक होते ती आकड्यांत. नमुना कोणत्या तरंगलांबीचा (नॅनोमीटरमध्ये) प्रकाश किती शोषतो यावरून शुद्धता कळते. जास्वंदीचं 260/280 गुणोत्तर, म्हणजे प्रथिनांची भेसळ दाखवणारं, 1.8 आलं, झकास! पण पॉलिसॅकराइडसारखी भेसळ दाखवणारं 260/230 एकच्याही खाली. अशा नमुन्यावर पीसीआर चालत नाही; तोच दहापट पातळ केला की जेलवर डीएनएचा पट्टा उमटतो, कारण अडवणारा पदार्थही पातळ होतो. म्हणून मी डीएनएला धरणाऱ्या फ्लुरोसंट रंगानंच मोजतो. फिंचच्या नळीत रंग लखलखला, जास्वंदीच्या नळीत जेमतेम.

फिंचच्या डीएनएवरून लगेच नर-मादीही ठरते: लिंग ठरवणारी गुणसूत्रं मादीत झेडडब्ल्यू, नरात झेडझेड. जास्वंदीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही, त्यामुळे ती चाचणी नाहीच. उरलेला वेळ पान पुन्हा कुटण्यात गेला.