एक किलो मीठ किती दिवस पुरतं?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फेऱ्या मारताना गाठ पडली की निम्मे लोक एकच विचारतात, ‘काका, मीठ सोडलंत म्हणे? मग घास उतरतो कसा?’ चालता चालता याचं धड उत्तर देता येत नाही. मला दम लागतो आणि विचारणारा ‘बरं बरं’ म्हणत पुढे सटकतो. तुम्ही विचारलंत म्हणून आता बसून सांगतो. मीठ सोडलेलं नाही. मिठाचा हिशोब धरला, एवढंच.

सातपूरच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं स्टोअरकीपर होतो. निवृत्तीनंतर दीडेक वर्षाने रक्तदाब निघाला १५८/९६. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि म्हणाले, मीठ कमी करा. मी विचारलं, किती? ते म्हणाले, ‘दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, सगळं धरून.’ म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. जागतिक आरोग्य संघटनाही हाच आकडा सांगते. घरी येऊन बायकोला विचारलं, आपण किती खातो गं? ती म्हणाली, ‘मी अंदाजाने घालते आणि ते बरोबर होतं.’ जेवणापुरतं ते खरंच होतं. पण ‘अंदाजाने’ हा शब्द ऐकला की स्टोअरकीपरच्या पोटात गोळा येतो.

मग १ फेब्रुवारीला एक किलोचं नवं पाकीट फोडलं आणि त्यावर पेनाने तारीख टाकली. घरात माणसं तीन: मी, बायको आणि ८४ वर्षांची आई. पाकीट २४व्या दिवशी संपलं. हजार भागिले बहात्तर, म्हणजे माणशी दिवसाला जवळपास १४ ग्रॅम. हे नुसतं घरच्या पाकिटातलं. पाव, फरसाण, बाहेरचं खाणं वेगळंच.

बायकोने ऑडिटरसारखी हरकत घेतली. ‘द्राक्षं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवते, ते मीठही आमच्याच पोटात गेलं का?’ हरकत रास्त होती. फेब्रुवारीत नाशिकच्या घरात द्राक्षं किती येतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हापासून द्राक्षांच्या मिठाची बरणी वेगळी ठेवली. ती वजा करूनही आकडा दुपटीच्या खाली येईना.

पुढचं काम मीठ जातं कुठे ते शोधायचं. मला वाटत होतं, चोर बाहेर आहे. इंग्रजी मासिकांतले सल्ले वाचून तसंच वाटतं: डबाबंद खाऊ नका, पाकिटातलं टाळा. पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ तयार पदार्थांतूनच पोटात जातं, त्यामुळे त्यांना तो सल्ला ठीक आहे. आपल्याकडे मोठा वाटा अजूनही आपल्याच ओट्यावरून जातो. आमच्याकडे कणकेत मीठ, भातात मीठ, वरणात मीठ, भाजीत, कोशिंबिरीत, ताकात आणि वर ताटात डावीकडे वाढलेलं मीठ. एकाच घासात पोळी, भाजी आणि चटणी असेल तर मीठ तीनदा इश्यू झालेलं असतं, आणि जीभ त्यातलं एकदाचंच नोंदवते.

म्हणून पहिली कात्री लावली ती जिभेला पत्ता लागणार नाही अशा ठिकाणी. कणकेतलं आणि भातातलं मीठ एकदम बंद. पोळी भाजीबरोबरच खायची असते आणि भातावर वरण येतंच. पहिल्या आठवड्यात कुणी चकार शब्द काढला नाही, कारण मी कुणाला सांगितलंच नव्हतं. बायकोला अर्थात माहीत होतं, कारण कणीक तीच मळते.

आमटी-भाजीत मात्र सरळ निम्मं केलं आणि तोंडघशी पडलो. आईने पहिल्याच घासाला वाटी सारली. ‘मला काय झालंय? अळणी का वाढता?’ मग दर आठवड्याला थोडं थोडं उतरवत गेलो. आमसूल, चिंच किंवा लिंबू थोडं जास्त पडलं की मिठाची उणीव फारशी कळत नाही, हे इथे शिकलो. आणि मीठ शेवटी, चव बघून घालायचं. आधी फोडणीत, मग उकळताना, मग उतरवताना अशा तीन हप्त्यांत घातलं की कितीचं काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

पहिले पंधरा दिवस वाईट जातात, ते लपवत नाही. सगळं मिळमिळीत लागतं. दीडेक महिन्याने मित्रांबरोबर मखमलाबादकडे मिसळ खायला गेलो. हीच मिसळ मी वर्षानुवर्षं दोनदा रस्सा मागून खाल्ली होती. त्या दिवशी पहिल्या चमच्यालाच वाटलं, आज यांच्या हातून मीठ जास्त पडलंय. मित्र म्हणाले, नेहमीसारखीच आहे. रस्सा तोच होता, जीभ बदलली होती. मिसळ मी अजूनही खातो, पण महिन्यातून एकदा, आणि पापड शेजारच्याला देतो. पापडात मीठही असतं आणि पापडखारही, आणि सोडियम दोन्हींत.

सोडियमवरून आठवलं. पाकिटावर ‘मीठ’ असं लिहीत नाहीत, सोडियम लिहितात, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणायचं. १०० ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते २ ग्रॅम मीठ झालं. चहाबरोबर वाटीभर शेव संपते तेव्हा हे कुणाच्या डोक्यात नसतं.

आता माझी फजिती. मे महिन्यात कैरीचं लोणचं घालताना मी बायकोच्या मागे लागून मीठ पाऊणपट करायला लावलं. तिसऱ्या आठवड्यात बरणीत पांढरी बुरशी. लोणच्यातलं मीठ चवीपुरतं नसतंच, ते फोडीतलं पाणी ओढून घेतं आणि बुरशीला थारा देत नाही. तीन किलो कैरी गेली. पुढचे दोन दिवस स्वयंपाकघरात माझ्याशी कुणी बोललं नाही. आता लोणचं पूर्वीसारखंच घालतो, पण फोडी बारीक चिरतो आणि पानात एकच वाढतो.

दोन गोष्टी लोक हमखास सुचवतात. एक, सैंधव वापरा. उपवासाला वापरा खुशाल, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच आहे, रंग वेगळा म्हणून हिशोब वेगळा होत नाही. शिवाय त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. दुसरं, कमी सोडियमचं मीठ. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराईडचा असतो, आणि ते थोतांड नाही. चीनमध्ये ६०० गावांतल्या जवळपास २१ हजार लोकांवर त्याची चाचणी झाली, २०२१मध्ये निष्कर्ष आले, आणि साध्या मिठाच्या तुलनेत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. पण मूत्रपिंडं अधू असतील किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियम साठून हृदयाला धोका होऊ शकतो. आईची मूत्रपिंडं थकलेली आहेत. एका घरात दोन प्रकारची मिठं ठेवून अदलाबदल होण्यापेक्षा ते आणायचंच नाही असं ठरवलं. तुमचं काय ते डॉक्टरांना विचारून ठरवा, मैदानावर नको.

आईचं प्रकरण वेगळंच. तिला ताटात मीठ नसणं हाच अपशकुन वाटतो. आमच्याकडे नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत, म्हणून मी म्हटलं, ‘मला देवाचं पान वाढ.’ ती म्हणाली, ‘आधी देवासारखा वाग.’ तिच्या डॉक्टरांनी मला बजावलं की या वयात, त्यातून पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी चालू असताना, मिठाची जबरदस्ती नको, शरीरातलं सोडियम फार खाली गेलं तर तेही धोक्याचं. म्हणून तिच्या पानाशेजारी तिची वेगळी डबी असते. ती मी मोजत नाही.

गुण आला का, हेही विचारता. रक्तदाब आता १३२/८४च्या आसपास असतो. पण गोळी आहे, रोजचं चालणं आहे, चार किलो वजनही उतरलंय. त्यातलं मिठाचं श्रेय किती, ते मला वेगळं काढता येत नाही. ५ ग्रॅमला मी अजून पोचलेलो नाही. मागचं पाकीट ४३ दिवस गेलं, म्हणजे माणशी पावणेआठच्या आसपास.

सध्याच्या पाकिटाचा आज २४वा दिवस. पहिलं याच दिवशी संपलं होतं. सकाळी काट्यावर ठेवलं तर ५६० ग्रॅम शिल्लक. बायकोला हाक मारून दाखवलं. तिने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, ‘आईंची डबी गेल्या महिन्यापासून शेजारच्या वहिनी भरून देतात, ते लिहिलंय का तुमच्या रजिस्टरात?’