रात्री तीनचा फोन

परवा रात्री पावणेदोनला मावसबहिणीच्या मुलीचा फोन आला. दोन महिने झालेत तिला जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाची ज्युनियर रेसिडेंट डॉक्टर होऊन, सर्जरी मिळाली तेव्हा आख्ख्या घराने पेढे वाटले होते. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर माझ्या छातीत धस्स झालं. ती लिननच्या खोलीत दार लावून बसली होती, आवाज एकदम हळू, मागे ट्रॉलीचं चाक वाजत होतं. आदल्या दिवशी सकाळी सहाला वॉर्डात आली होती ती अजून तिथेच. दुपारी डबा उघडला तर सिनियर म्हणाला, जेवायला ॲडमिशन घेतलीयेस का, आणि मग सगळ्या वॉर्डासमोर, पेशंट, नातेवाईक, वॉर्डबॉय मामा, आया मावश्या सगळ्यांच्या समोर तिला उभं ठेवून विचारलं की तुला एमबीबीएस कोणी दिली. डबा तसाच राहिला. एवढं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, सगळीकडे असंच असतं का गं? आणि आईला सांगू नकोस हं."

मी काय बोलले मला धड आठवत नाही, काहीतरी खा म्हणाले, पाणी पी म्हणाले. फोन ठेवल्यावर झोप मात्र आली नाही, तेव्हापासून हे सगळं डोक्यात फिरतंय म्हणून लिहितेय.

जे या क्षेत्रात नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. एमबीबीएसनंतर एमडी किंवा एमएसला ॲडमिशन मिळाली की तीन वर्षं तुम्ही रेसिडेंट असता, म्हणजे विद्यार्थी पण आणि हॉस्पिटलचा कामगार पण. पहिल्या वर्षाचा जेआर वन, मग टू, मग थ्री, त्यावर सिनियर रेसिडेंट, लेक्चरर, युनिट हेड. काम वरून खाली येतं आणि ओरडा पण वरून खालीच येतो. सगळ्यात खाली जेआर वन. पहाटे पाचला सॅम्पल काढायची, ती स्वतः लॅबला न्यायची कारण मामा एकच आणि वॉर्ड दोन, राऊंडच्या आधी सगळे केसपेपर लिहून तयार ठेवायचे, रक्त आणायला ब्लड बँकेत पळायचं, सीटीची तारीख मिळवायला रेडिओलॉजीत जाऊन हात जोडायचे, डिस्चार्ज कार्ड लिहायची, आणि इमर्जन्सीच्या दिवशी हे सगळं करून वर रात्रभर ॲडमिशन घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी पोस्ट-इमर्जन्सी म्हणजे सुट्टी असं कुणाला वाटेल तर तसं काही नसतं, राऊंड असतोच, ओपीडी असतेच. काही चुकलं की एक्स्ट्रा इमर्जन्सी लावतात, शिक्षा म्हणून. आजारी माणसांना सांभाळायची ड्युटी हीच शिक्षा म्हणून द्यायची, हे मला तेव्हा पण खटकायचं आणि आज जास्त खटकतं.

मी मेडिसिनला होते, एका सरकारी कॉलेजात, आजूबाजूला सगळा शेतीचा भाग. त्यामुळे फवारणीचं औषध प्यायलेले पेशंट कायम असायचे, वॉर्डात शिरलं की तो वास यायचा, आजही शेताच्या कडेने जाताना तो वास आला तर मला वॉर्डच आठवतो. अशा पेशंटला उतारा म्हणून ॲट्रोपिन चालू असतं आणि जेआर वनने बाजूला बसून डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, छाती ऐकायची, नाडी मोजायची, डोस कमीजास्त करायचा. पहिले दोन दिवस निघाले की सगळ्यांना वाटतं वाचला. पण एक ते चार दिवसांच्या मध्ये काही जणांचे स्नायू अचानक कमजोर व्हायला लागतात, आधी मान, मग खांदे, मग श्वासाचे. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, बराच वेळ चांगलंच दिसतं, आणि ते पडायला लागतं तेव्हा हातात फार वेळ राहिलेला नसतो. म्हणून उशीवरून डोकं उचलून दाखव म्हणायचं आणि एका श्वासात आकडे मोजायला लावायचे.

तर असा एक पेशंट, सव्वीस वर्षांचा पोरगा, तिसरी रात्र. संध्याकाळी त्याने एका श्वासात बावीसपर्यंत मोजलं होतं. रात्री तीनला मोजलं तर नऊ. डोकं उचल म्हटलं तर नुसतं माझ्याकडे बघत राहिला. नाईटच्या सिस्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या होत्या, त्या म्हणाल्या, मॅडम, याला मान उचलता येत नाहीये, सरांना फोन करा.

मी फोन केला नाही.

कारण आदल्याच आठवड्यात मी दुसऱ्या एका पेशंटसाठी रात्री फोन केला होता आणि सकाळच्या राऊंडला माझी सगळ्यांसमोर वरात निघाली होती. प्रत्येक गोष्टीला फोन करायचा तर तुला ठेवलंय कशाला, पुढच्या वेळी माणूस मरायला टेकला असेल तरच फोन कर, हे शब्द जसेच्या तसे लक्षात आहेत. त्यामुळे त्या रात्री माझ्या डोक्यात हिशोब चालू होता तो या पोराच्या श्वासाचा नव्हता, तो होता की हे मरायला टेकल्यासारखं आहे का, अजून अर्धा तास थांबू का, सॅच्युरेशन तर पंच्याण्णव आहे, आणि हे सगळं चोवीस तास न झोपलेल्या डोक्यात. सिस्टरना म्हणाले बघू अर्ध्या तासाने. चाळीस मिनिटांनी शेवटी सिस्टरनीच भूलच्या रेसिडेंटला बोलावलं, त्यांनी श्वासनळीत ट्यूब टाकली, अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता तो. वाचला. त्याची बायको पिशवी घेऊन बाहेरच्या जिन्यात बसलेली असायची, डिस्चार्जच्या दिवशी ती माझ्या पाया पडायला वाकली आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. ती चाळीस मिनिटं तिला माहीत नव्हती.

सकाळी राऊंडला सर माझ्यावर परत ओरडले. या वेळी फोन का नाही केला म्हणून.

माझं सगळं म्हणणं त्या चाळीस मिनिटांत आहे. लोक म्हणतात कडक ट्रेनिंगने डॉक्टर कणखर होतो, हात बसतो, आमच्या वेळी तर याहून वाईट होतं. हात कामाने बसतो हो, शिव्यांनी नाही. शिव्यांनी एकच होतं, माणूस विचारणं बंद करतो. डोस बरोबर आहे का, मला हे येत नाही, माझ्याकडून चुकलंय, ही तीन वाक्यं जेआर वनने मोकळेपणाने बोलायलाच हवीत कारण तो शिकायला आलाय आणि त्याच्या हातात जिवंत माणसं आहेत, आणि आपण नेमकी तीच वाक्यं त्याच्या तोंडातून काढून घेतो. मग किंमत कोण देतं? खाटेवर झोपलेला, ज्याला हे काहीच माहीत नाही तो.

आणि नियम नाहीत असं नाही बरं का. १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी स्कीममध्ये लिहिलंय की सलग ड्युटी साधारण १२ तासांच्या वर नको, आठवड्याला ४८ तास, एक साप्ताहिक सुट्टी. अमेरिकेत १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलमध्ये लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी गेली आणि तिच्या वडिलांनी थकलेल्या रेसिडेंट डॉक्टरांचा प्रश्न धसाला लावला, त्यातून तिथे आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, आधी न्यूयॉर्क राज्यात आणि २००३ मध्ये देशभर. आपल्याकडे ४८ आकडा कागदावर १९९२ पासून आहे आणि मी तो माझ्या तीन वर्षांत कुणाच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. एनएमसी म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, त्यांच्या २०२३ च्या पीजी म्हणजे एमडी-एमएसच्या नियमात 'वाजवी' तास काम आणि 'वाजवी' विश्रांती एवढंच आहे, वाजवी म्हणजे किती ते युनिटने ठरवायचं. २०२४ मध्ये एनएमसीच्याच टास्क फोर्सने सांगितलं की आठवड्याला ७४ तासांच्या वर नको, आणि त्यांच्या ऑनलाईन पाहणीत जवळजवळ ३१ टक्के पीजी विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. दहातले तीन. माझ्या युनिटच्या ग्रुप फोटोत मी हा हिशोब लावून बघितला आणि फोटो परत ठेवून दिला. माहिती अधिकारात एनएमसीनेच दिलेला आकडा आहे, पाच वर्षांत १२२ मेडिकल विद्यार्थी आत्महत्येने गेले, त्यात ५८ पीजीचे, आणि १२७० जणांनी कॉलेज सोडलं, त्यातले १११७ पीजीचे. एवढी घासून नीटची प्रवेश परीक्षा दिलेली पोरं, सीट मिळाल्यावर सोडून जातात, ती काय सगळी कमजोर असतात?

डॉ. पायल तडवीचं नाव इथे घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जळगावकडची, आदिवासी तडवी भिल्ल समाजातली मुलगी, मुंबईत नायर हॉस्पिटलला गायनॅकच्या दुसऱ्या वर्षाला होती, २२ मे २०१९ ला आत्महत्येने गेली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तीन सिनियर डॉक्टरांवर आहे. त्या आठवड्यात आमच्या बॅचच्या ग्रुपवर लोक हळहळत होते, आणि त्यात दोन-तीन जण असंही लिहित होते की ओरडा तर सगळ्यांनाच बसतो. मला ते तेव्हाही पटलं नाही. ओरडा सगळ्यांना बसतो पण सगळ्यांना सारखा बसत नाही, ज्याचं आडनाव विचारून झालंय, जो मराठी मीडियमचा आहे, जो कोट्यातून आला म्हणून चहाच्या टेबलावर कुजबुज झालीये, त्याच्या एका चुकीला दहा चुकांचा ओरडा असतो. हे आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय आणि बहुतेक जण गप्प राहिलोय, मीसुद्धा.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. आमची एक सिनियर मला जेआर वनला समजावायची, चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, तुझे पण दिवस येतील. ती मायेनेच म्हणायची. माझे दिवस आले. मी जेआर टू झाले आणि माझ्या हाताखाली एक मुलगी आली, लहान गावातली, इंग्रजी लिहायला हळू पण पेशंटशी इतकं छान बोलायची की म्हाताऱ्या बायका तिचा हात सोडायच्या नाहीत. एका इमर्जन्सीला सोळा ॲडमिशन झालेल्या, सकाळी राऊंडला दहा मिनिटं उरलेली, तिची कार्डं अपूर्ण, आणि मी ती तिच्या अंगावर फेकली. एवढं पण जमत नाही का तुला, असं म्हणाले. तो आवाज माझा नव्हता, माझ्या सरांचा होता, हेल पण तोच. मला आधी जे झालं त्याने मी शहाणी व्हायला हवी होते, तसं झालं नाही. पळवाट म्हणून सांगत नाहीये हे. थकले होते हे खरं, पण थकलेली ती पण होती.

परवाच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी भाचीशी परत बोलले, नीट, तासभर. सहन कर म्हणाले नाही. जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगितलं, की रात्री शंका आली की फोन करायचाच आणि केसपेपरवर वेळ टाकून लिहायचं, अमुक वाजता अमुक सरांना कळवलं, ते नाही उचलत तर लेक्चररना, तिथे नाही तर भूलवाल्यांना, ओरडले तर ओरडू देत, पेशंट तुझ्या नजरेसमोर आहे त्यांच्या नाही. ॲप्रनच्या खिशात राजगिऱ्याचे लाडू ठेव. सिस्टरांशी जोडून घे, मला त्या वर्षी जिने वाचवलं ती नाईटची सिस्टरच होती, न बोलता अर्धा कप चहा बाजूला काढून ठेवायची. वॉर्डातल्या मावशीने एकदा मला दहा मिनिटं स्टोअरमध्ये झोपवून बाहेर पहारा दिला होता. कोण काय बोललं, तारीख, वेळ, कोण समोर होतं, हे वहीत लिहून ठेव. जातीवरून, घरच्यांवरून बोलले किंवा अंगावर हात टाकला तर थांबायचंच नाही, कॉलेजच्या अँटी-रॅगिंग कमिटीला लेखी द्यायचं, सोबत १८००-१८०-५५२२ या हेल्पलाईनवर, आपल्या राज्यात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. मन फार खाली गेलं तर १४४१६, टेलिमानस, मराठीत बोलता येतं. आणि आईला सांग. ती रडेल, पण तुझ्याकडून ऐकून रडू दे.

सीट सोडावी वाटली तर सोडायची, हे पण म्हणाले. यावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, मला सर्जरी आवडते गं, तेच तर.

ते झाल्यावर मी माझ्या त्या जेआर वनचा नंबर शोधला. इतक्या वर्षांनी. आता ती तिच्याच जिल्ह्यात फिजिशियन आहे. म्हटलं, ती कार्डं मी तुझ्या अंगावर फेकली होती, मला माफ कर. तिकडे जरा शांतता, मग ती म्हणाली, मॅम, कार्डांचं मला आठवत पण नाही. माझी आजी गेली तेव्हा दहाव्याला जायला तुम्ही सोडलं नव्हतं, इमर्जन्सी आहे म्हणालात, ते आठवतं.

मला ते आठवत नव्हतं. अजिबात नाही. मी त्याचीही माफी मागितली, तिने ठीक आहे असं काही म्हटलं नाही आणि मी तशी अपेक्षा पण धरली नाही. मग तिने विचारलं की आज अचानक फोन कसा केला. भाचीचं सांगितलं. कुठल्या कॉलेजला, कुठलं युनिट, सगळं विचारून घेतलं तिने, आणि म्हणाली, माझा नंबर द्या तिला, सांगा रात्री तीनला केला तरी चालेल.