पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन: माझा अनुभव

रात्री जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती थेट पाठीपर्यंत. घरात सगळ्यांनी ॲसिडिटीच ठरवली होती. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. शेजारच्या काकूंनी प्रेमाने पानफुटीची पानं आणून दिली, पण ती मुतखड्यावर देतात. हे खडे वेगळे, बहुधा कोलेस्टेरॉलचे.

सर्जनांनी रिपोर्टवर नजर टाकली आणि बाजूला ठेवला. कळ कधी येते, काय खाल्ल्यावर, किती वेळ टिकते, ताप किंवा कावीळ झाली होती का, हेच विचारत बसले. मग म्हणाले, "नुसते खडे दिसले म्हणून मी कुणाला टेबलावर घेत नाही. तुम्हाला त्रास होतोय, म्हणून काढायचं." फक्त खडे काढून भागणार नव्हतं, पित्ताशयाची पिशवी ठेवली तर ते पुन्हा होतात.

संमतीपत्रावर एक ओळ होती: गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया. मी तिथेच अडकलो. त्यांनी कागदावर चित्र काढलं. पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी, दोन्ही स्वच्छ दिसल्याशिवाय त्या बंद करणारी क्लिप लावायची नाही, कारण शेजारच्या मुख्य पित्तनलिकेला इजा झाली तर ते निस्तरणं फार कठीण. आत सगळं चिकटलेलं असेल तर हट्ट न करता पोट उघडायचं. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी 1985 मध्ये दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय काढलं, 1990 मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडियांनी ते भारतात आणलं. पण थांबायचं कुठे, हे दुर्बीण सांगत नाही, असं सर्जन म्हणाले. मी सही केली.

विम्याच्या कॅशलेस मंजुरीचा घोळ सांगत बसत नाही, तो सगळ्यांना ठाऊक आहे.

ऑपरेशन थिएटरमध्ये नाव, ऑपरेशन, ॲलर्जी पुन्हा पुन्हा विचारली. आधी वैताग आला. नंतर कळलं, ती जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची सुरक्षित शस्त्रक्रियेसाठीची चेकलिस्ट. भूल उतरल्यावर पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडने श्वासपटल चुरचुरतं, त्याची कळ खांद्यात उमटते. चालायला लागल्यावर ती हळूहळू ओसरली. पोटावर चार छोटी भोकं, बस.

पुढे वहिनीच्या सोनोग्राफीतही एक खडा दिसला. मी तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. तिला कधीच काही दुखलं नव्हतं, म्हणून ऑपरेशन नको, त्रास झाला तर या, असं सांगून त्यांनी परत पाठवलं. वहिनी जरा नाराजच झाली.