तुम्ही विचारलंत म्हणून: मी आधी लॉगच का मागते

प्रश्न एकच, विचारणारे बदलतात. गल्लीतली पोरं विचारतात, त्यांच्या आया विचारतात, गेल्या दिवाळीत मावशीनं फराळाचं ताट हातात देता देता विचारलं. मॉड, म्हणजे लोकांनी बनवलेल्या जोडण्या, घातलेला माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांचा गेम बंद पडतोय, अडकतोय, तर तू सरळ उपाय का सांगत नाहीस? दरवेळी ‘आधी लॉग दे’ (आत काय झालं ते गेम स्वतःच लिहून ठेवतो ती फाईल) कशाला? बाकीचे एका ओळीत सांगून मोकळे होतात: रॅम वाढव, ड्रायव्हर अपडेट कर, ऑप्टिफाइन टाक. तू मात्र चौकशी लावतेस.

यामागे एक न बोललेला आरोप असतो, की मला भाव खायचा असतो. तो ऐकून ऐकून मी थकले आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मी बेळगावच्या शहापुरात डीटीपी करते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल. आज मराठी, उद्या कन्नड, कधी एकाच पत्रिकेत दोन्ही. गेम दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही आणि त्याचे मी पैसे घेत नाही. भाच्यामुळे यात शिरले आणि मग मलाच गोडी लागली.

‘लॅग होतोय’ एवढ्यावरून मी काय ओळखावं? मान वळवली की चित्र धक्के खातं, हा एक लॅग. चित्र सुरळीत आहे, पण फोडलेला ब्लॉक परत जागेवर येतो, गाई थिजतात, दार उशिरा उघडतं, हा दुसरा. दर थोड्या वेळानं सगळंच क्षणभर गोठतं आणि पुन्हा सुरू होतं, हा तिसरा. पहिला ग्राफिक्सचा. दुसरा जगाच्या हिशेबाचा: गेम सेकंदाला २० टिक मोजतो, एका टिकच्या वाट्याला ५० मिलिसेकंद येतात, आणि क्रिएट मॉडच्या चाकांनी भरलेल्या कारखान्याचा हिशेब तेवढ्यात आटोपला नाही की जग मागे पडतं. एकट्यानं खेळतानाही आत सर्व्हर चालूच असतो, त्यामुळे ‘मी तर ऑनलाइन नाही’ म्हणून सुटका नाही. तिसरा बहुतेक वेळा जावा, म्हणजे गेम ज्यावर चालतो ती प्रणाली, मेमरी साफ करते तेव्हाचा. चित्राचा वेग वाढवणारा सोडियम मॉड टाकला तर पहिल्याला आराम पडेल, दुसऱ्याला काडीचा फरक पडणार नाही. तिथं स्पार्क हे मोजमापाचं साधन लावून कुठला मॉड वेळ खातोय ते बघावं लागतं. आता सांगा, नुसत्या ‘लॅग’ या शब्दावर मी कुठला उपाय देऊ?

रॅमचंही तसंच. आठ जीबीचा लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे चित्रासाठी लागणारी मेमरीही त्याच आठातून जाते. त्यात कुणीतरी सांगतं, जावाला सहा दे. मग विंडोजला उरतं काय? ते डिस्कवर लिहायला लागतं, आणि डिस्क जुनी फिरती असली तर गेम आधीपेक्षा जास्त अडकतो. मग पोरगं विचारतं, ‘अक्का, बाबांना सांगून अजून रॅम घेऊ का?’ लाँचरनं, म्हणजे गेम सुरू करणाऱ्या प्रोग्रामनं, मुळात दिलेली मेमरी मोठ्या मॉडपॅकला बहुधा पुरत नाही, हे खरं आहे. म्हणून तो सल्ला खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो कुणाला लागू आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही, एवढंच म्हणते. माझ्या तोंडच्या एका वाक्यावर कुणाच्या तरी घरातून पैसे जाणार असतात.

क्रॅशचं त्यामानानं सोपं, कारण बंद पडलेला गेम बहुधा कारण लिहून ठेवतो. पोरं ‘एक्झिट कोड १’ एवढ्याचाच फोटो पाठवतात. त्यातून गेम बंद पडला एवढंच कळतं, आणि ते त्यांनी आधीच सांगितलेलं असतं. लॉगमध्ये मात्र स्पष्ट असतं. एका मॉडला दुसरा मॉड हवा होता आणि तो नाही. फॅब्रिक आणि फोर्ज ही मॉड चालवणारी दोन वेगळी साधनं, आणि फॅब्रिकचा मॉड फोर्जच्या फोल्डरात पडलाय. क्लास फाईल व्हर्जन, म्हणजे मॉड कुठल्या जावासाठी बनलाय तो आकडा, ६५ दिसलं की मॉडला जावा २१ हवी, आणि तुमच्याकडे ६१ पर्यंतच चालणारी, म्हणजे १७ आहे. गेम १.१६.५ असेल तर जावा ८ लागते, १.१८ ते १.२०.४ ला १७, आणि १.२०.५ पासून १.२१ च्या आवृत्त्यांपर्यंत २१. हे कुणी पाठ करायची गरज नाही, वाचायची आहे.

आता त्या मुलाचं. हे सांगायचं मी टाळत आले, पण ज्यांना माहीत आहे ते मला नेमकं हेच ऐकवतात. तर माझ्या तोंडून ऐका.

येळ्ळूरकडच्या पोरांचा एक गट गेममध्ये राजहंसगड उभारत होता. आपल्याकडे दिवाळीला दारात मातीचे किल्ले करतात, हौस तीच. फक्त हा भर पावसाळ्यात, कॉम्प्युटरवर, सगळ्यांनी मिळून एकाच जगात. दगडांचे प्रकार, तटाचे उतार, यासाठी मॉड घातले होते, आणि तसले मॉड जसेच्या तसे प्रत्येकाकडे नसले तर सर्व्हर आत घेत नाही. हा मुलगा तोवर फोनवर खेळायचा, तिथं जावाचे मॉड चालत नाहीत. ताईच्या कॉलेजसाठी घरात सेकंडहँड कॉम्प्युटर आला तेव्हा कुठं त्याला गटात जागा मिळाली. तटाचा एक भाग पोरांनी त्याच्यासाठी राखून ठेवला होता.

त्याच्याकडे गेम उघडेचना. त्यानं मला फोन केला. ‘अक्का, गेम उघडूलालाच न्हाई की गे.’ मी म्हटलं, लॉग पाठव. ‘ते काय असतंय?’ कुठला फोल्डर, कुठली फाईल, मी सांगितलं. तो हो हो म्हणत राहिला. त्याला ती सापडली नसेल, किंवा पुन्हा विचारायची लाज वाटली असेल. त्याचा फोन आला नाही. मी गणपती मंडळांच्या पावतीपुस्तकांत बुडाले होते.

मधल्या काळात त्याला इतरांकडून सगळे उपाय मिळाले. रॅम वाढवून झाली. जावा काढून घातली. मॉड अर्धे काढले, अर्धे ठेवले. शेवटी कुणीतरी सांगितलं, फॉरमॅट मार. जिथनं कॉम्प्युटर घेतला होता तिथंच नेऊन फॉरमॅट मारून आणला. ताईचं कॉलेजचं प्रोजेक्ट त्यात होतं. पेनड्राइव्हवर प्रत होती, पण जुनी, अर्धवट. आणि इतकं होऊनही गेम उघडला नाही.

मग आज्जा त्याला घेऊन माझ्याकडे आले, सीपीयू पिशवीत घालून, वर प्लास्टिक गुंडाळून. आज्जा मराठी शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. मुलगा मान वर करत नव्हता. ताई आली नव्हती. घरात ती त्याच्याशी बोलत नाही, हे आज्जांनी सांगितलं.

मी लॉग उघडला. मोजक्या ओळी होत्या. सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, आणि पुढे नावाच्या जागी ओळीनं प्रश्नचिन्हं. खाली तक्रार: चालत नाही असं अक्षर, इंडेक्स ९. शून्यापासून मोजत गेलं की नववी जागा यूजर्सच्या लगेच पुढची, म्हणजे नावाचं पहिलं अक्षर. तसली प्रश्नचिन्हं मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. जुन्या प्रोग्राममध्ये युनिकोडचा मजकूर चिकटवला की हीच उमटतात, मराठीची तशीच कन्नडची. मी विचारलं, ‘कॉम्प्युटरला नाव मराठीत घातलंय काय?’

घातलं होतं. विंडोज टाकताना दुकानात नाव विचारलं, तेव्हा आज्जांनीच सांगितलं होतं की नाव मराठीत पाहिजे. फॉरमॅटनंतर पुन्हा विचारलं, पुन्हा त्यांनी तेच सांगितलं. म्हणजे जो फॉरमॅट ताईचं काम घेऊन गेला, त्यानं दोष जिथल्या तिथं परत आणून ठेवला.

विंडोजला देवनागरी फोल्डरचं काही वावडं नाही. अडतं ते पुढे. गेम सुरू करताना फोल्डरचा पत्ता जावाला आज्ञेतून दिला जातो, आणि तो घेताना जावा विंडोजच्या जुन्या अक्षरतक्त्यातून घेते. त्या तक्त्यांत देवनागरीला कधी जागाच मिळाली नाही. जे अक्षर तक्त्यात नाही त्याचं प्रश्नचिन्ह होतं, आणि विंडोजमध्ये फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. २०२२ मध्ये जावा १८ पासून मजकुरासाठी युनिकोडचं यूटीएफ-८ हे मूळ ठरलं, पण आज्ञेतून येणारा पत्ता अजून त्या जुन्या वाटेनंच येतो.

आज्जांनी विचारलं, ‘म्हणजे मी नाव मराठीत घातलं म्हणून झालं हे?’

दुकानाच्या पाटीपासून जमिनीच्या उताऱ्यापर्यंत ज्या माणसानं जन्मभर आपली अक्षरं मागितली, त्याला याचं उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, ‘नाव बरोबरच आहे, गुरुजी. ज्यांनी तक्ता केला त्यांनी ते घेतलं नाही. कन्नडमध्ये घातलं असतंत तरी हीच प्रश्नचिन्हं आली असती.’

‘मग दोघांचंबी चालत न्हाई म्हण की.’

‘न्हाई चालत.’

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘घाल इंग्रजीत.’

नुसतं नाव बदलून भागत नाही. सेटिंगमध्ये नाव बदललं तरी यूजर्समधला फोल्डर जुन्याच नावानं राहतो. मी इंग्रजी अक्षरांत नवं खातं काढलं, मॉडपॅक त्यात नेला आणि गेम उघडला. मुलगा ‘उघडला’ एवढंच म्हणाला.

आता मला काय ऐकवतात ते सांगते. ‘तू लॉग मागितलास म्हणून तो दुसरीकडे गेला. तू दोन उपाय सांगितले असतेस तर फॉरमॅटपर्यंत गोष्ट गेलीच नसती.’ मी उलट विचारते: माझ्या उपायांच्या यादीत यूजरचं नाव बघ असं कधी होतं का? नव्हतं. यादीतलं सगळं त्यानं इतरांकडून घेऊन करून बघितलंच होतं. फॉरमॅटचा सल्ला माझा नव्हता. लॉग आधी कुणीही उघडला असता, मीच असं नाही, तर ताईचं प्रोजेक्ट राहिलं असतं. हे मी पुन्हा पुन्हा म्हणेन.

पण माझ्याशी सगळ्यात जास्त वाद मीच घालते. पूर्वी मी याद्या द्यायचे. ती याद्या देणारी मी आज मला म्हणते, अगं, यादी लागू पडावी म्हणून थोडीच देतात? यादी दिली की पोरगं परत येतं, म्हणतं, हे केलं, झालं नाही, आता काय? तू त्याला फाईल शोधायला लावलीस, आणि त्याला ती परीक्षा वाटली. नापास होणारं पोर परत कशाला येईल? यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरीही न बघता सांगायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरा वाद नावाचा. सगळीकडे युनिकोड वापर अशी एक खूण विंडोजमध्ये करता येते, अजून तिच्यावर बीटा असं लिहिलेलं असतं. ती केली असती तर कदाचित नाव राहिलं असतं. पण आज्जांचं जुन्या फाँटातलं लिखाण पेनड्राइव्हवर होतं, ते त्याच कॉम्प्युटरवर परत यायचं होतं, आणि त्या खुणेनं जुने फाँटवाले प्रोग्राम बिनसतात. मी खूण केली नाही. विशीतली मी असते तर ‘घाल इंग्रजीत’ हे ऐकूनच घेतलं नसतं, ज्यांनी जावा केली त्यांच्याशी भांडत बसले असते. भांडायलाच पाहिजे, हे मला आजही पटतं. तटाचा राखून ठेवलेला भाग मात्र त्याच आठवड्यात बांधायचा होता. यातलं काय बरोबर, ते माझं अजून ठरलेलं नाही.

तेव्हा मी लॉग मागणार. गेमच्या फोल्डरात लॉग्ज नावाचा फोल्डर असतो, त्यात लेटेस्ट नावाची फाईल. ती अख्खी पाठवा, फोटो नको. गेम पुन्हा उघडला की नवी लेटेस्ट तयार होते आणि आधीची तारखेच्या नावानं दाबून ठेवली जाते, तीही पाठवा. क्रॅश रिपोर्ट्सचा फोल्डर असला तर त्यातली सगळ्यात नवी फाईल. काही काढण्याघालण्याआधी सेव्हज फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवा, कारण मॉड काढून जग उघडलं की त्या मॉडचे ब्लॉक जगातून जातात आणि मॉड परत घातला तरी येत नाहीत. घरात इतर कुणाचं काम त्याच कॉम्प्युटरवर असेल तर आधी त्याची प्रत, मग गेम.

आणि फाईल सापडली नाही तर ‘सापडली नाही’ असं सांगा, पुन्हा फोन करा. तरी जमलं नाही तर दुकानात घेऊन या, ती मी शोधते. नुसता सीपीयू आणला तरी चालतो, मॉनिटर आणि कीबोर्ड माझ्याकडे आहेत.