फुल्यांचा हिशेब

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब असतो, इस्त्रीवाल्याचा असतो आणि गेल्या वर्षापासून माझाही असतो. म्हणजे मी हौसेने आणलेल्या करमणुकीच्या वस्तूंचा. वस्तू वापरली की त्या तारखेच्या चौकटीत एक फुली, आणि वर्षअखेरीला किंमत भागिले फुल्या. कल्पना बायकोची. तिने बँकेत पंचवीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे मी वाद घातला नाही.

निमित्त झालं साउंडबारचं. अठरा हजार, सोबत सबवूफरचा, म्हणजे खर्जातल्या आवाजांचा, वेगळा डबा. दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं आणि माझी सारासार बुद्धीही त्यात बसून गेली. ठाण्यात मानपाड्याला घरी आणून लावला, तर तिसऱ्याच रात्री खालच्या मजल्यावरचे काका वर आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आमच्या शोकेसमधल्या बश्या वाजतात हो." मग मी वाचायला बसलो. चाळीस हर्ट्झच्या खर्जाची एक लाट साधारण २८ फूट लांब असते. माझा हॉल १४ फुटांचा. उरलेली अर्धी लाट काकांकडे उतरते असं काही शास्त्र सांगत नाही, पण बश्या सांगतात. वर्षभरात फुल्या पडल्या एकतीस, म्हणजे एका फुलीला ५८० रुपये. सबवूफर आता बंद असतो. त्याच्यावर ठेवलेला मनी प्लांट मात्र छान वाढलाय.

विशेष आवृत्तीचा मोह तर आपल्या रक्तातच आहे. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण 'संग्राह्य' या शब्दाला बळी पडत आलोय. माझ्या माळ्यावर अशा संग्राह्य अंकांचे तीन गठ्ठे आहेत. रद्दीवाल्याच्या तराजूला हा शब्द वाचता येत नाही, तो भाग वेगळा. खरं तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. त्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला, वाचायला पुस्तक स्वतःच्या मालकीचं असावं लागत नाही, हे कळायला हवं. मला कळतं. वळत नाही.

अंक निदान वाचून तरी होतात. मेव्हण्याने न्यू जर्सीहून माझ्यासाठी ब्लू-रे डिस्कचा संच आणला, पत्र्याच्या देखण्या पेटीतला. आत पोस्टकार्डं, जाड पुस्तिका आणि वर क्रमांक टाकलेला: हजारातली अमुकावी प्रत. प्लेअरमध्ये डिस्क घातली तर पडद्यावर नकार. ब्लू-रेचे जगात तीन विभाग पाडलेत. अमेरिका 'ए'मध्ये, आपण 'सी'मध्ये. साध्या डीव्हीडीला तर सहा मोठे विभाग होते आणि त्यात आपण पाचवे. फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या, डिस्कला विभागाची भानगड ठेवलेली नाही म्हणतात, पण त्यासाठी प्लेअर नवा घ्यावा लागतो. पुस्तिका मी दोनदा वाचली. बायकोने त्याच्या फुल्या धरल्या नाहीत. "वाचायची वस्तू होती का ती?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलाची मागणी फोर-के टीव्हीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ही बातमी त्याने घरात परीक्षेच्या निकालासारखी वाचून दाखवली. मी टेप घेऊन सोफा ते भिंत मोजलं. नऊ फूट. पंचावन्न इंची पडद्यावर साध्या फुल एचडीचे ठिपकेसुद्धा सात फुटांपलीकडून चांगल्या डोळ्यांना सुटे दिसत नाहीत, आणि आमच्या घरात चांगले डोळे फक्त त्याचेच. "बाबा, पण काळा रंग बघा ना किती काळा दिसतो," तो म्हणाला. ते खरं आहे. एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्रात, रात्रीचा प्रसंग रात्रीसारखा दिसतो. सोफा दोन फूट पुढे ओढला तर जेवणाच्या टेबलाची खुर्ची मागे सरकवता येईल, असा एक विचार मनात येऊन गेला. विषय लांबणीवर आहे.

सध्या माझा जीव अडकलाय तो रेकॉर्ड प्लेअरमध्ये. सागवानी रंगाचा, मर्यादित आवृत्तीचा, सोबत १८० ग्रॅम वजनाची जाड तबकडी. वजनाने आवाज सुधारत नाही, खाचा त्याच असतात, हे मला माहीत आहे. आजच्या बऱ्याचशा नव्या तबकड्या डिजिटल मास्टरवरूनच, म्हणजे डिजिटल मूळ प्रतीवरूनच, कापतात, हेही. ठाण्याच्या पावसात कव्हरांना बुरशी धरणार. एका बाजूला जेमतेम बावीस मिनिटं, मग उठून तबकडी उलटायची, आणि माझा डावा गुडघा उठबशांवर नाराज असतो. तरीही पिन टेकल्यावर गाण्याआधी जी खरखर येते, तिच्यासाठी मी चौदा हजार मोजायला तयार आहे. महिन्याला चार फुल्या धरल्या तर... नको.

घरातली सगळ्यात स्वस्त पडलेली वस्तू मी घेतलेलीच नाही. आईला पाच वर्षांपूर्वी बहिणीने कारवां दिला, साडेपाच हजारांचा. सारेगामाने २०१७ साली काढलेला हा जुन्या रेडिओच्या तोंडवळ्याचा डबा. आत पाच हजार गाणी भरलेली. मी तेव्हा नाक मुरडलं होतं, ही सगळी गाणी फोनवर फुकट मिळतात म्हणून. पण फोनवर आधी गाणं ठरवावं लागतं. आई मेथी निवडत बसलेली असते, हात मातीचे, ती कोपराने बटण दाबते आणि लागेल ते गाणं ऐकते. आवडलं नाही तरी ऐकते, जरा नावं ठेवते, त्यातही तिचा वेळ बरा जातो. एकही दिवस चुकलेला नाही. बायकोने गणित केलं: दिवसाला तीन रुपये.

रेकॉर्ड प्लेअरचा सेल आज रात्री बारापर्यंत आहे. सव्वाअकरा झाले होते, वस्तू कार्टमध्ये होती, आणि मी पाणी प्यायला उठलो. आईच्या खोलीतून बारीक आवाज येत होता. झोप लागली असेल म्हणून बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे रे, जागी आहे मी."

येताना कालनिर्णय पाहिलं. तिची आजची फुली राहिली होती. ती टाकली.